तसबिरीची मागची बाजू

सिंहस्थाच्या आधी रंग द्यायचा म्हणून आमच्या नाशकातल्या एका जुन्या संस्थेच्या सभागृहातल्या तसबिरी उतरवायला घेतल्या. व्यासपीठाच्या वर, सगळ्यांत उंच टांगलेली तसबीर खाली आली तेव्हा ती कोणाची आहे, हे तिथे उभ्या असलेल्या सहा-सात जणांपैकी एकालाही सांगता येईना. काचेवर धुळीचा थर एवढा होता की मिशा आणि छातीवरची पदकं तेवढी दिसत होती. ओल्या फडक्याने खालची पट्टी पुसल्यावर नाव उमटलं: सर जॉर्ज क्लार्क, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्या दिवशी सुरू झालेला वाद महिना उलटला तरी मिटलेला नाही. काही सभासद म्हणतात, हा जुलमी माणूस पुन्हा भिंतीवर चढता कामा नये. तसबीर फोडा नाहीतर भंगारात द्या. काही म्हणतात, शंभर वर्षांची वस्तू आहे, वारसा आहे, होती तिथेच लावा. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात, पण सगळी बोलतात ती क्लार्क यांच्या चेहऱ्याकडे बघून. माझं म्हणणं असं की तसबीर ठेवावी, त्या खिळ्यावर मात्र पुन्हा लावू नये, आणि ठेवायचीच तर तिची मागची बाजू लोकांना दिसेल अशी ठेवावी.

कारण ती उतरवली तेव्हा मी मागची बाजू पाहिली आहे. सागवानी चौकट, तिच्यावर चिकटवलेला काळपट कागद, एका कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर, आणि खालच्या लाकडात चार स्क्रूंनी बसवलेला वीतभर पितळी पत्रा. पत्र्यावर 'वर्गणीदार' असं कोरून खाली चौदा नावं. दोन रावबहादूर, एक रावसाहेब, तीन वकील, बाकीचे सावकार आणि व्यापारी. यांतली बरीचशी आडनावं आजही सराफ बाजारापासून मेनरोडपर्यंतच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. त्यांतलं एक माझ्या आईच्या माहेरचं आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना माझा स्वार्थ कुठे आहे, हे वाचणाऱ्याला तपासता येईल. महिनाभराच्या चर्चेत या पत्र्याचा उल्लेख मी दोनदा केला. दोन्ही वेळा विषय बदलला गेला.

क्लार्क म्हणजे डोळ्यांत रक्त उतरलेला कुणी सुभेदार नव्हता. रॉयल इंजिनियर्समधले अधिकारी, तटबंदीच्या शास्त्रातले जाणकार, १९०१ ते १९०३ ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताचे गव्हर्नर, मग लंडनमधल्या साम्राज्य संरक्षण समितीचे पहिले सचिव. मुंबईला आले १९०७ मध्ये आणि १९१३ पर्यंत राहिले. पुढे ते लॉर्ड सिडनहॅम झाले. त्यांच्या या सहा वर्षांत महाराष्ट्रात सरकारविरुद्ध उघड लिहिणारा-बोलणारा आणि तरीही मोकळा राहिलेला माणूस शोधावा लागतो. १९०८ च्या जुलैत 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे १९ महिन्यांसाठी आत गेले. त्याच महिन्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मराठी अग्रलेखांवर निकाल देणाऱ्या नऊ ज्यूरर्सपैकी सात युरोपियन होते आणि लेख त्यांच्यापुढे गेले ते इंग्रजी भाषांतरातून. १९०९ मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. गुन्हा काय? कवी गोविंदांच्या आणि इतर काही कविता छापल्या. कवितांच्या पुस्तिकेसाठी अंदमान! आणि हे सगळं कायद्याला धरून झालं. राजद्रोहाचा खटला कुणालाही उठून भरता येत नसे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९६व्या कलमाप्रमाणे त्याला सरकारचा हुकूम लागे. म्हणजे यांतला प्रत्येक कागद मुंबई सरकारच्या मंजुरीने पुढे सरकला, आणि त्या सरकारच्या माथ्यावर हे गृहस्थ होते. चाबूक हातात न घेता, सहीने जुलूम करता येतो तो असा.

'एक जुना फोटो आहे हो, त्याचं काय एवढं घेऊन बसलात?' असं म्हणणाऱ्यांनी १९१० सालची एक गोष्ट आठवावी. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर त्या वर्षी बंदी आली. नाटकात एकही इंग्रज पात्र नाही. विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक, भीम, सगळी महाभारतातली माणसं. पण प्रेक्षकांना कीचकात माजी व्हाइसरॉय कर्झनसाहेब दिसू लागले, आणि सरकारलाही तेच दिसले. रंगभूमीवरच्या एका पौराणिक खलनायकाची ज्या सरकारला एवढी धास्ती होती, त्याच सरकारच्या प्रमुखाची प्रतिमा आमच्या व्यासपीठावर सगळ्यांत उंच खिळ्यावर चढली. कोणती प्रतिमा लोकांनी पाहायची आणि कोणती नाही, हे ठरवण्यातच सत्तेचं निम्मं काम होत असतं. त्या खिळ्याची उंचीसुद्धा कोणीतरी मोजूनमापून ठरवली असणार. खाली बसणाऱ्याने मान वर करावी, एवढी.

आता त्या चौदा नावांकडे येतो, आणि त्यासाठी २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आठवावी लागते. नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती, त्यांच्या निरोपासाठी किर्लोस्कर मंडळीच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक, लोक त्यांना पंडित म्हणत. पण बाबारावांना कोर्टापर्यंत पोचवणारे कलेक्टरही तेच. त्या रात्री अनंत लक्ष्मण कान्हेरे या विशीही न गाठलेल्या मुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार महिन्यांच्या आत, १९ एप्रिल १९१० ला, कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पाठोपाठ चाललेल्या नाशिक कटाच्या खटल्यात ३८ आरोपी उभे राहिले आणि २७ जणांना शिक्षा झाल्या. हे आपण दर डिसेंबरात सांगतो, सांगायलाच हवं. पण त्या थिएटरात जॅक्सन एकटे बसले नव्हते. त्यांना निरोप द्यायला आलेली मंडळी नाशिकचीच होती, आणि पिस्तूल घेऊन आलेला मुलगाही नाशिकच्याच तरुणांनी उभा केलेला होता. एकाच छपराखाली, एकाच रात्री, दोन्ही नाशिक हजर होती. त्यांतलं एक नाशिक आपण मैदानाला नाव देऊन जपलं. दुसऱ्याबद्दल आपण कधी बोलत नाही. कोण होती ती माणसं? घरी जाऊन बायकामुलांना त्यांनी काय सांगितलं असेल? दुसऱ्या दिवशी कान्हेऱ्यांविषयी कुजबुजताना त्यांचा आवाज कसा असेल? त्या दुसऱ्या नाशकाचा माझ्या पाहण्यात आलेला एकमेव पुरावा म्हणजे हा पितळी पत्रा.

तसबीर काढून टाका म्हणणाऱ्यांचा सगळ्यांत जड मुद्दा आमच्या एका सभासद ताईंनी मांडला. त्या म्हणाल्या, "सर, माझे पणजोबा त्या धरपकडीत तुरुंगात जाऊन आले. त्यांच्या पणतीने त्याच माणसाच्या पायाशी बसून व्याख्यानं ऐकायची का?" याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्यांचं बरोबर आहे. एवढी वर्षं आम्ही सगळे तसे बसलो, ही संस्थेची चूक आहे, आणि तो खिळा उपटलाच पाहिजे. पण तिथून पुढे, तसबीर फोडण्यापर्यंत, मी ताईंबरोबर जाऊ शकत नाही. प्रतिमेवर हात टाकण्याची आपल्याकडे परंपरा आहे, आणि ती मानाची आहे. १८९६ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं, ते दामोदर चापेकरांनी. तेव्हा राणी गादीवर होती, पोलीस तिचे होते, आणि डांबराचा डबा उचलणाऱ्याने जीव पणाला लावला होता. आज क्लार्क यांच्या काचेवर दगड मारणाऱ्याला कोण पकडणार आहे? चापेकरांच्या कृतीचं मोल त्यांनी पत्करलेल्या धोक्यात होतं. तो धोका नसताना केलेली तोडफोड त्यांची बरोबरी करू शकत नाही. शिवाय काच फुटली की पत्राही भंगारात जाणार, आणि ज्या चौदा घरांना सुटल्यासारखं वाटेल त्यांत माझ्या आजोळचं घर असेल. जुलमाची खूण पुसताना आपल्याच माणसांच्या हातावरचे डाग धुऊन निघत असतील, तर त्याला न्याय कसा म्हणायचा?

आणि काढलं म्हणजे गेलं, असंही होत नाही. १९६५ मध्ये मुंबईतून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, राजा गेला, त्या भागाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा केला, बिनस्वाराचा. आपल्याकडे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं नाव दिलं, तरी सकाळी फिरायला जाणारे 'गोल्फ क्लबवर जाऊन येतो' असंच म्हणतात. अहिल्याबाई होळकर पुलाला कितीतरी जुने नाशिककर अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. यात कुणाची गुलामी वृत्ती नाही, जिभेला लागलेली सवय आहे.

पण वारसा म्हणून होती तिथेच ठेवा म्हणणाऱ्यांनीही यावरून सुटलो असं समजू नये. ठेवलं म्हणजे आठवलं, असंसुद्धा होत नाही. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९११ ला याच क्लार्क यांनी केली. रोज हजारो माणसं तिथे फोटो काढतात, कितीजणांना हे नाव माहीत असेल? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात मराठी घरांतल्या किती पिढ्या शिकल्या. ते नाव एका गव्हर्नराचं, आणि तो गव्हर्नर टिळकांना मंडालेला पाठवणारा, हे त्यांतल्या कितीजणांना कधी कोणी सांगितलं? आमच्याच सभागृहात ती तसबीर एवढी वर्षं होती आणि उतरवताना सहा-सात जणांत एकाला ओळखता आली नाही. हे जतन नव्हे, हे नुसतं पडून राहणं आहे.

याच बाजूचा दुसरा मुद्दा असा की माणसाचं चांगलंही बघावं. बघू या. १९१३ मध्ये निघालेलं सिडनहॅम कॉलेज हे मोठं काम आहे, मुंबईतल्या विज्ञान संस्थेमागेही क्लार्क यांचा पुढाकार होता. ते मी कमी लेखणार नाही. पण याच राजवटीत, १९१० मध्ये, विजापूरकरांचं तळेगावचं समर्थ विद्यालय सरकारने बंद पाडलं. तिथे मुलांना मराठीतून शिकवत, हातांना उद्योग लावत, आणि सरकारी अनुदानाला हात लावत नसत. म्हणजे क्लार्क यांना शिक्षणाचं वावडं नव्हतं, आपल्या ताब्याबाहेरच्या शिक्षणाचं होतं. शिकवू, पण आम्ही ठरवू ते आणि आम्ही ठरवू त्यांना. हुकूमशाहीची जगभरातली चांगली कामं अशीच असतात. आजच्या मापाने जुन्या माणसाला मोजू नये, हेही मला मान्य आहे. म्हणून त्यांच्या काळातलंच माप लावतो. टिळकांच्या खटल्यात नऊपैकी दोन ज्यूररनी, दोघेही पारशी, टिळकांना दोषी मानलं नाही. खुद्द भारतमंत्री मोर्ले यांनी क्लार्क यांना कळवलं होतं की मला विचारलं असतं तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका, असंच मी सांगितलं असतं. जे १९०८ मध्ये लंडनच्या मंत्र्याला कळत होतं, ते मुंबईच्या गव्हर्नराला कळू नये म्हणून आपण आज काळाचा आडोसा का द्यावा?

तिसरा आक्षेप सभेत कोणी घेतला नाही, बाहेर चहाच्या टपरीवर एका तरुण मित्राने घेतला. तो म्हणाला, 'हे तुमचं आपसातलं आहे. तुरुंगात गेलेलेही तुमचे, वर्गणी देणारेही तुमचे. आमच्या पणजोबांना त्या सभागृहात पाऊल टाकता आलं असतं का?' हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला. जोतीरावांपासून बहुजन समाजातल्या विचारवंतांनी इंग्रजी राज्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, त्याला कारणं होती. शाळेचं दार, पलटणीचं दार त्या राज्यात थोडं तरी किलकिलं झालं. सावरकर बंधूंच्या अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या यादीत कोणत्या जातीची नावं जास्त आहेत, हेही उघड आहे. तरी दोन गोष्टी मी त्याला सांगितल्या. टिळकांच्या सहा वर्षांसाठी मुंबईत सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या त्या कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या कामगारांनी, आणि गोळीबारात माणसं मेली तीही त्यांचीच. आणि २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा सत्याग्रह काळाराम मंदिराशी पोचला, तेव्हा पंचांनी दरवाजे लावून घेतले आणि बंद दरवाजांबाहेर पहारा दिला तो इंग्रज सरकारच्या पोलिसांनी. साहेबाचं राज्य आणि गावातले प्रतिष्ठित कसे एकमेकांना धरून होते, याचं याहून स्पष्ट चित्र नाशकात तरी दुसरं नाही. तसबिरीच्या पुढच्या बाजूला साहेब आणि मागच्या बाजूला गावचे प्रतिष्ठित, हे नातं तेच आहे. माझ्या मित्राचा मुद्दा मागची बाजू दाखवायच्या विरोधात जात नाही, ती दाखवायचं ते सगळ्यांत मोठं कारण आहे. त्या चौदांत कोण होतं हे जसं दिसेल, तसं कोण नव्हतं तेही दिसेल.

माझ्या स्वतःच्या म्हणण्याविरुद्ध जो आक्षेप आहे, तो मला रात्री झोप लागू देत नाही. मेलेल्या माणसांची नावं चव्हाट्यावर का आणायची? वर्गणी किती खुशीने दिली होती, हे आज कोण सांगणार? मामलेदार यादी घेऊन दारात उभा, शेजारच्या सावकाराने आकडा आधीच घातलेला, मुलगा सरकारी नोकरीत, जमिनीचा दावा कलेक्टरपुढे पडलेला. अशा वेळी नाही म्हणणारा कितीसा तग धरणार? माझ्या आजोळच्या त्या गृहस्थांनी अभिमानाने पैसे दिले की दात-ओठ खाऊन, मला ठाऊक नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही. पण या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, म्हणूनच तो पत्रा लपवू नये असं मला वाटतं. परकी सत्ता दीडशे वर्षं टिकली ती फक्त गोऱ्या शिपायांवर नाही. टिळकांना शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्याच बाजूने जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर. नाशिक कटाचा खटला चालवणाऱ्या तिघा न्यायाधीशांत नारायण चंदावरकर होते: प्रार्थना समाजाचे, सुधारक, १९०० सालच्या काँग्रेसचे अध्यक्ष. ही दुष्ट माणसं होती का? मुळीच नाही. विद्वान, घरंदाज, गावाला हवीशी वाटणारी माणसं होती. त्यांच्या हातून हे कसं झालं, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात गव्हर्नराच्या मिशांपासून करून भागणार नाही. आपल्या आडनावापासून करावी लागेल, आणि शिव्या न देता करावी लागेल.

यासाठी नमुना आपल्याकडेच आहे. मुंबई उच्च न्यायालयात ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली, तिथे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी एका फलकाचं अनावरण केलं. ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, हे टिळकांनी त्या दालनात काढलेले उद्गार त्यावर कोरलेले आहेत. न्यायालयाने जुनी निकालपत्रं जाळली नाहीत की दावरांचं नाव खोडलं नाही. जिथे चूक झाली तिथेच, त्याच छपराखाली, शिक्षा झालेल्या माणसाला बोलू दिलं.

रविवारच्या सभेत मी लेखी मांडणार आहे ते एवढंच. व्यासपीठावरचा खिळा काढावा आणि तिथली भिंत मोकळी ठेवावी, कुणाचीच तसबीर लावू नये. क्लार्क यांची तसबीर वाचनालयाकडे जाणाऱ्या बोळात, जमिनीवर उभ्या केलेल्या लाकडी घोडीवर ठेवावी. दोन्ही बाजूंना काच, दोन्हीकडून माणसाला चालत जाता येईल एवढी जागा. कुंभारमाशीचं घर खरवडू नये. पितळी पत्र्याला चिंचेने घासून उजळायची काही गरज नाही, अक्षरं वाचता येतात. शेजारी नाशिक कटातल्या शिक्षा झालेल्यांची नावं, त्याच मापाच्या पत्र्यावर, त्याच आकाराच्या अक्षरांत. आणि खाली पाचवी-सहावीच्या मुलाला मान वर न करता वाचता येईल अशा उंचीवर एक पाटी. मजकूर मी लिहून ठेवला आहे: 'सर जॉर्ज क्लार्क, मुंबईचे गव्हर्नर, १९०७ ते १९१३. यांच्या सरकारने कविता छापल्याबद्दल या गावातल्या माणसाला अंदमानात पाठवलं. ही तसबीर याच गावातल्या चौदा जणांच्या वर्गणीतून लागली. त्यांची नावं मागच्या बाजूला आहेत.'